वगळलेलं दार

समोरच्या घरी मतं मागायला आलेल्या त्या बाया थांबल्या, शेजारच्या शिंप्याकडे थांबल्या, जिन्याखाली राहणाऱ्या इस्त्रीवाल्याच्या बायकोलासुद्धा त्यांनी बाहेर बोलावून कुंकू लावलं, हात जोडले. आणि त्रिपुरसुंदरीच्या दाराशी आल्या तशा पुढे निघून गेल्या. ती उंबऱ्यातच उभी होती. पदर सारखा केलेला, तोंडावर पाहुण्यांसाठी ठेवणीतलं हसू आणलेलं. मनाशी उत्तरही घोळवून ठेवलेलं होतं तिनं, की बायांनो, तुमचं तुमच्याजवळ, माझं माझ्याजवळ, पण आलात तर पाणी पिऊन जा. पुढच्या बाईनं करंड्यात बोट बुडवलंही होतं. तेवढ्यात मागून एका मुलीनं तिचं कोपर धरलं आणि खालच्या आवाजात म्हटलं, "हे घर नको अक्का. पुढे चला." कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं, मग त्या बाईनं ते दुसऱ्या हाताला पुसलं, आणि काळ्या-तांबड्या काठांच्या त्या साड्या गल्लीच्या वळणावरून दिसेनाशा झाल्या. कोपर धरणारी मुलगी कनका होती. त्रिपुरसुंदरीच्या वर्गात तीन वर्षं पहिल्या बाकावर बसलेली कनका! तिनं मान वर करून आपल्या टीचरकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता ह्यात लागण्यासारखं काय होतं? काही नाही. नवऱ्याला, कृष्णस्वामी रावांना, तिनं संध्याकाळी सांगितलं तर ते जॉर्ज टाउनच्या ऑफिसातून नुकतेच आलेले, पाय धुता धुता म्हणाले, "बरं झालं की! सुटलों. नाहीतर उगा हो-हो करत बसावं लागतं." ह्या घरातलं मत कुणाचं हे मद्रासेतल्या तिरुवल्लिकेणीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सूर्यवाले, म्हणजे त्या बायांचा उगवत्या सूर्याच्या निशाणीचा पक्ष, सभासभांतून उघड सांगत होते, आम्ही आलो की शाळांतून हिंदी जाणार. आणि त्रिपुरसुंदरी हिंदीची टीचर. हिंदी गेली की तिची खुर्ची गेली, आणि तिच्या खुर्चीवर ह्या घराचं भाडं आणि थोरल्या मुलाचं, सुंदरचं कॉलेज उभं होतं. शाळेच्या चालकांनी तर तिला बोलावून सांगितलंही होतं, अम्मा, देव करो आणि तसं न होवो, पण झालं तर तुम्हाला द्यायला आमच्याकडे दुसरं काम नाही. इतकं सरळ होतं सगळं. मग रात्री ताकाला फोडणी देताना मोहरी जळेपर्यंत ती कसला विचार करत उभी राहिली होती? हे घर नको. घर नको म्हणजे काय, ह्या घरात महारोग झालाय का कुणाला?

सत्तेवरच्या पक्षाचा, बैलजोडीच्या निशाणीचा माणूस सकाळीच येऊन गेला होता. त्यानंही तिला काही विचारलं नव्हतं, हे तिला तेव्हा जाणवलं नव्हतं, आता जाणवलं. तो ओसरीवर बसला, कृष्णस्वामींशी तांदळाच्या टंचाईवर बोलला, तिनं आणून दिलेली कॉफी फुंकून फुंकून प्यायला आणि उठता उठता म्हणाला, "राव, तुमच्याकडे काय मागायचं? तुम्ही रायर लोक आमचेच. आणि अम्मा तर हिंदी टीचर!" आणि हसला. रायर म्हणजे ह्यांच्यासारखी मराठी ब्राह्मण घरं. एकजण मागत नाही कारण मिळणारच नाही, दुसरा मागत नाही कारण मिळालेलंच आहे. म्हणजे आपण ह्यात आहोत कुठे? आपण म्हणजे एक दार, आत कुणी राहतंय की नाही ह्याच्याशी कुणाला कर्तव्य नाही. तिला स्वतःचीच चीड आली. अडतीस वर्षांची बाई, पोरगं कॉलेजात, आणि कुणी कुंकू लावलं नाही म्हणून रुसून बसायचं! पण चीड आली म्हणून टोचणं थांबलं नाही. मतदानाच्या दिवसापर्यंत ते तिच्याबरोबर राहिलं, बसमध्ये, वर्गात, देवापुढे दिवा लावताना, कुसळासारखं, दिसत नाही पण बोट फिरवलं की लागतं.

हिंदी तिच्याकडे कशी आली ह्याची गोष्टही तशी गमतीचीच. तंजावरला त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत, कीर्तन मराठीत, बायकांची गाणी मराठीत, आणि बाकी अस्कें, सगळं जग तमिळमध्ये. वडिलांनी लहानपणी पाटीवर बाळबोध अक्षरं गिरवून घेतली होती. मग ती मोठी झाली तेव्हा हिंदीचे वर्ग निघाले, परीक्षा निघाल्या, आणि वडील म्हणाले, "अगे, अक्षरं तर आपल्याला फुकट येतात. बाकीच्या पोरी क-ख-ग वर वर्ष काढतील, तू सरळ दुसऱ्या पुस्तकावर जाशील." गेली ती सरळ दुसऱ्या पुस्तकावर. सगळ्या परीक्षांत पहिली. त्यांच्या लोकांतल्या कितीतरी मुली अशाच हिंदीच्या टीचर झाल्या. अक्षरं आपली म्हणजे भाषाही आपल्याच नात्यातली, चुलत नाही तर मावस, असं सगळ्यांनी धरून टाकलं. कुणी तपासून पाहिलं नाही. ती वीस वर्षं मुलींना शिकवत आली की गाय हमें दूध देती है, आणि घरी दूधवाल्याशी भांडली ती तमिळमध्ये.

एकदा दिल्लीकडून कुणी तपासनीस आले होते. तिनं पाठ घेतला, चांगला घेतला, मुली पोपटासारख्या बोलल्या. साहेब खुशीत होते. जाताना म्हणाले, आपकी हिंदी में इडली की खुशबू आती है, आणि आपल्याच विनोदावर असे काही हसले की चालकही हसले, तीही हसली. न हसून सांगते कुणाला! आणि गेल्या वर्षी विद्युलताबाईंकडचं हळदीकुंकू. ह्या विद्युलताबाई पुण्याच्या, नवरा रेल्वेत मोठा अधिकारी, नुंगंबाक्कमला बंगला. मद्रासेतल्या मराठी बायकांना त्यांनी हौसेनं बोलावलं होतं. त्रिपुरसुंदरी आईची जुनी हिरवी साडी नेसून गेली. मनात धाकधूक, आणि खूप आनंदही, आपल्या भाषेच्या बायका! तिनं तोंड उघडलं, "माझं माहेर तंजावर, आमचे पूर्वज राजांबरोबर आले म्हणून सांगतात," एवढंच म्हणाली असेल, तर त्या बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "अय्या, किती गोड बोलता हो तुम्ही! ऐका गं सगळ्यांनी, अगदी तमिळ मराठी! पुन्हा म्हणा ना." पुन्हा म्हणा ना. तिनं पुन्हा म्हटलं. सगळ्या हसल्या. दुष्टपणानं नव्हे, प्रेमानंच हसल्या, तेच तर जास्त लागलं. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती हातातला हरभरा एकेक दाणा करून खात होती.

तमिळमध्ये तिला कधी कुणी हसलं नव्हतं. हे तिला आठवलं तेव्हा ती मतदानासाठी साडी बदलत होती, आणि निऱ्या हातातच राहिल्या. खरंच की! भाजीवालीपासून वकिलापर्यंत, देवळातल्या गुरवापासून नर्सपर्यंत कुणी नाही. सुंदरच्या वेळी बाळंतपणात ती ओरडली होती ती तमिळमध्ये. वडील गेल्याची तार आली तेव्हा तोंडातून पहिला शब्द निघाला तो तमिळ. तेव्हा सासूबाईंनी विचित्र नजरेनं पाहिलं होतं. आणि ती मरीनावरची संध्याकाळ! सुंडल, फोडणीचे उकडलेले हरभरे, खायला म्हणून दोघं वाळूवर बसली होती, शेजारी सूर्यवाल्यांची सभा चालली होती. कृष्णस्वामी म्हणाले, चल, गर्दी होईल. ती म्हणाली, थांबा हो, एवढं संपू द्या. कोण बोलत होता कुणास ठाऊक, कुणी मोठा पुढारीही नसेल. पण ते तमिळ! एकेक वाक्य असं उलगडत जायचं, शेवटापर्यंत माणसानं श्वास धरून बसावं, आणि शेवटी नेमका हवा तो शब्द जागेवर येऊन पडायचा. तो म्हणत होता की आमच्या आयांच्या भाषेला ह्या देशाच्या कचेरीत पायरीवर उभं करतात. तिच्या अंगावर काटा आला होता. आणि लगेच मनात आलं, तू कोण अंगावर काटा आणून घेणारी? तू तर त्या कचेरीची नोकर. तिनं सुंडलचा कागद चुरगाळला आणि नवऱ्याला म्हणाली, चला, आता फार गर्दी झाली.

"झालं का?" कृष्णस्वामींनी बाहेरून हाक दिली. "ऊन चढायच्या आत जाऊन येऊं." रस्त्यानं ते पुढे, ती दोन पावलं मागे. भिंतीभिंतींवर सूर्य, मधून मधून बैलजोडी, कुठे बैलांच्या तोंडावर शेण मारलेलं. कृष्णस्वामी मान न वळवता बोलत होते. "दोन कागद देतील, एक दिल्लीचा, एक इथला. दोन्हीवर बैलजोडी. शिक्का नीट मार, रेघेवर पडला तर बाद. ऐकतीस ना?" "ऐकते." "आपल्या लोकांतले काही शहाणे म्हणतात, ह्या खेपेला ब्राह्मणांनीही सूर्याला द्यायला हरकत नाही, आपल्यातल्याच एका ब्राह्मण पुढाऱ्याशी त्यांची युती आहे म्हणे. युती! काल रस्त्यात आपली शेंडी ओढणारे ते. आणि तुझी नोकरी कोण देणार मग, युती?" ते भ्यालेले होते. बाजारात, ऑफिसात, बसमध्ये सगळीकडे सूर्याची बोली ऐकून ऐकून भ्याले होते, आणि भीती लपवायला मोठ्यानं बोलत होते. एरवी तिला त्यांची कीव आली असती. आज तिला फक्त एवढंच दिसलं की तू कुणाला देणार, असं त्यांनीही विचारलं नव्हतं.

मतदान तिच्याच शाळेत होतं. शाळेपासून जरा अंतरावर दोन्ही पक्षांची टेबलं मांडलेली, नाव शोधून चिठ्ठी देणारी. कृष्णस्वामींच्या खिशात बैलजोडीवाल्यानं घरपोच दिलेल्या चिठ्ठ्या होत्या, त्यामुळे थांबायचं काही कारण नव्हतं. एक चिठ्ठी तिच्या हातात देऊन ते पुरुषांच्या रांगेकडे गेले. बायकांची रांग लांबलचक, पार फाटकाबाहेर. आणि फाटक म्हटलं की तिला दुसरं काही आठवायचंच नाही. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, ह्याच फाटकाशी पुस्तकांचा ढीग पडला होता. शहरभर हिंदीविरुद्ध पोरं रस्त्यावर, लाठ्या, गोळीबाराच्या बातम्या. तिच्या शाळेच्या मुलींनीही हिंदीची पुस्तकं आणून टाकली आणि रॉकेल ओतलं. ती वरच्या व्हरांड्यात खांबाआड उभी होती. कुणी वर पाहिलं असतं तर काय झालं असतं देव जाणे, छाती अशी धडधडत होती की खांबाला ऐकू जावं. शेवटी कनका आली. हातात पुस्तक, वर तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, ते कव्हर कसं घालायचं तेही त्रिपुरसुंदरीनंच शिकवलेलं. कनकानं ते पुस्तक उचललं, दोन्ही डोळ्यांना लावलं, आणि मग आगीत टाकलं. सवयीनं लावलं असणार. पुस्तक खाली पडलं, पाय लागला की डोळ्यांना लावायचं, हे ह्या शहरातल्या प्रत्येक मुलीच्या हातात भिनलेलं. पण त्रिपुरसुंदरीला तेव्हापासून कळत नव्हतं की आपण त्या दिवशी नक्की काय पाहिलं. अपमान झाला आपला की मान मिळाला? हीच मुलगी, त्याच्या थोडं आधी, वर्गात उभी राहून शांतपणे विचारती झाली होती, "टीचर, तुम्हाला राग येतो तेव्हा तुम्ही आम्हाला तमिळमध्ये का रागावता?" तिनं ओरडून "उट्कार!" म्हटलं होतं, बस खाली, आणि तेही तमिळमध्येच. सगळा वर्ग हसला होता, आणि बोर्डाकडे तोंड फिरवून तीही हसली होती.

तीच कनका आता सूर्याच्या टेबलाशी बसली होती. केसांत मल्लीची, मोगऱ्याची फुलं, उन्हानं चेहरा काळवंडलेला, बोटं शाईनं माखलेली. त्रिपुरसुंदरी रांगेत होती ती रांगेतून बाहेर पडली. का पडली हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पाय निघाले. मागची बाई म्हणाली, अम्मा, जागा जाईल तुमची. जाऊ दे म्हणाली. टेबलापर्यंतचा तो उन्हातला रस्ता, आणि सगळी गल्ली बघतेय असं वाटणं, शिंप्याची सून, इस्त्रीवाल्याची बायको, पलीकडच्या टेबलावरचा तो कॉफी पिऊन गेलेला माणूस, पुरुषांच्या रांगेतून मान उंच करून पाहणारे कृष्णस्वामी. हिंदी टीचर सूर्याच्या टेबलाकडे चाललीय! कनका तिला पाहून ताडकन उभी राहिली, वर्गात राहायची तशीच.

"चिठ्ठी आहे माझ्याकडे," त्रिपुरसुंदरी तमिळमध्ये म्हणाली. "मला एकच सांग. माझं दार का सोडलंस? सगळी गल्ली घेतलीस, माझंच दार का?"

शेजारच्या पोरांनी कान टवकारले होते, कनकानं हातानं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

"कसं येणार, टीचर?"

"बाकीच्यांकडे आलीस तशी."

"बाकीच्यांचं काही जाणार नाही ना." कनकाच्या डोळ्यांत पाणी तरारलं, तिनं ते शाईच्या बोटांनीच पुसलं आणि गालावर निळा डाग उमटला. "आम्ही जिंकलो तर तुमची नोकरी जाणार, हे मला माहीत आहे. आम्हीच घालवणार ती. मग तुमच्या दारात येऊन, तुम्हाला कुंकू लावून, मत द्या म्हणून कुठल्या तोंडानं मागू? अक्का म्हणत होत्या, रायर घर आहे, विचारून तर बघू. मीच म्हटलं, तिथं नको. मला लाज वाटली, टीचर."

इतके दिवस जे कुसळ काढता येत नव्हतं ते असं आपोआप निघून येईल, आणि निघताना इतकं दुखेल, असं त्रिपुरसुंदरीला वाटलं नव्हतं. तिनं कनकाच्या गालावरचा डाग पदराच्या टोकानं पुसला आणि विचारलं, "तू दिलंस का मत?"

"मला कुठलं, टीचर! मत द्यायला एकवीस पुरी लागतात, मला अजून अवकाश आहे."

"मूर्ख पोरी," त्रिपुरसुंदरी म्हणाली, तमिळमध्ये, आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

मतदानाची खोली म्हणजे तिचाच वर्ग. तिच्याच टेबलावर पेट्या ठेवलेल्या, तिच्याच खुर्चीत अधिकारी बसलेला, खडूचा डबा खिडकीत सरकवलेला. बोर्ड ओल्या फडक्यानं पुसला होता पण नीट नाही, तिचं कालपरवाचं वाक्य अजून ओळखू येत होतं, हम सब भारतवासी हैं, शेवटच्या अक्षरावरची मात्रा तेवढी गेलेली. नाव पुकारलं. बोटाला शाई लागली, गार. दोन कागद हातात आले. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला होता, नेमका कनका बसायची त्या बाकावर. त्रिपुरसुंदरी त्या आडोशाआड वाकली. बैलजोडी. सुंदरचं शेवटचं वर्ष. घरमालक, जो पहिल्या तारखेला दारात उभा राहतो. नवऱ्याचा तो भ्यालेला मोठा आवाज. वडील, अक्षरं फुकट येतात म्हणणारे. हे सगळं बैलांच्या बाजूला उभं होतं, खरं होतं, रोजच्या जेवणाचं होतं. आणि इकडे काय होतं? एक वाळूवरची संध्याकाळ. भांडताना, रडताना, बाळंत होताना तोंडात येणारी एक भाषा. कुणी हसलं नाही एवढंच. आणि ज्यांनी मागितलंही नाही असे लोक. कुणी शहाणी बाई ह्यासाठी आपल्या पोटावर शिक्का मारेल का? नाही मारणार. बाहेरून अधिकारी म्हणाला, "अम्मा, लवकर." तिनं शिक्का शाईत दाबला, आणि रेघेवर पडू नये म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरून, सूर्यावर मारला. मग दुसऱ्या कागदावरही. कागद फुंकले, वाळवले, पुन्हा पाहिले. चूक झालेली नव्हती.

कृष्णस्वामी फाटकाबाहेर छत्री उघडून उभे होते. चेहरा पांढरा पडलेला. ती आली तशी दोघं चालू लागली. गल्ली ओलांडली, देवळाचं तळं आलं, तेव्हा ते म्हणाले, "त्या टेबलाशी कशाला गेलीस गे? अस्के बघत होते."

"कनकाशी बोलायला."

"हं." त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "बैलजोडीच ना?"

हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर जन्मभर कुणाला कळलं नसतं, त्यासाठीच तर तो आडोसा असतो. तिनं मराठीत "हो" म्हणायला तोंड उघडलं, आणि "इल्लै" असा शब्द बाहेर पडला. नाही. आणि मग थांबताच येईना, सगळं तमिळमध्येच आलं, सूर्याला दिलं, दोन्ही कागद सूर्याला दिले, मला ठाऊक आहे काय होणार ते, मला रागावा, पण इथं नको, घरी जाऊन रागावा.

ते थांबले. छत्री एका बाजूला कलली, ऊन त्यांच्या टकलावर पडलं. आता ओरडतील म्हणून ती खाली बघत उभी राहिली. तळ्याच्या पायऱ्यांवर कुणी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज येत होता. लांबवर सूर्याच्या पोरांची घोषणा उठली आणि विरली. ते ओरडले नाहीत. ते तळ्याकडे बघत होते, ओठ हलत होते, ऑफिसात आकडे जुळवताना हलायचे तसे. मग त्यांनी छत्री सरळ केली, आणि ती तिच्याही डोक्यावर येईल अशी धरली.

"आमच्या ऑफिसात गेल्या महिन्यात तमिळ टाइपरायटर आणलाय," ते म्हणाले, मराठीत, अगदी हळू. "चालवणारा माणूस मिळत नाही म्हणून मॅनेजर ओरडतोय. हे सूर्यवाले आले तर अस्कीं कामं तमिळमध्येच होतील." एवढं बोलून ते घुटमळले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिच्याशी बोलताना ते असे कधी घुटमळल्याचं तिला आठवत नव्हतं. "शिकशील का?"

तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं, भर रस्त्यात, येणारेजाणारे वळून बघायला लागले. ते छत्री धरून उत्तरासाठी थांबले.

"शिकेन की," ती म्हणाली.